अभिप्राय-पत्रावरचा पाचवा प्रश्न : बाल व कुमार चित्रपट महोत्सवाच्या आयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
आयोजन समिती, बाल व कुमार चित्रपट महोत्सव

स.न.वि.वि.

गेली चार वर्षे मी या महोत्सवात प्रेक्षागृहाच्या दारावर उभी राहते आहे आणि गेल्या वर्षी आपण मला चित्रपट निवड समितीतही घेतले, त्यामुळे हे पत्र बाहेरच्या टीकाकाराचे नाही, हे आधीच सांगून टाकते. जे चुकले त्यात माझाही वाटा आहे आणि तो कुठे आहे हे पुढे येईलच. समितीच्या बैठकीत हा मुद्दा मांडायचा प्रयत्न मी दोनदा केला. पण विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' अगदी शेवटी असतात आणि तिथवर पोहोचेपर्यंत निम्मे सदस्य उठलेले असतात. शिवाय हा महोत्सव लोकवर्गणीतून आणि लोकांच्या फुकटच्या कष्टांतून उभा राहतो, तेव्हा पालकांनी, शिक्षकांनी आणि मुख्य म्हणजे मुलांनीही हे वाचावे असे वाटल्याने पत्र खुले ठेवले आहे.

महोत्सव संपल्यावर अभिप्राय-पत्रांच्या दोन पिशव्या 'तात्पुरत्या ठेवा' म्हणून माझ्याकडे आल्या. त्यानंतर त्यांची चौकशी कोणीही केली नाही. सुट्टीत वेळ होता म्हणून मी ती पत्रे एकेक करून वाचली. आपण छापलेल्या त्या कागदावर सहा प्रश्न आहेत. बसण्याची व्यवस्था, आवाज, वेळेचे पालन आणि स्वयंसेवकांची वागणूक हे पहिले चार. सहावा प्रश्न 'पुढील वर्षी याल का?' असा. चित्रपटाबद्दलचा प्रश्न एकच, पाचवा : 'या चित्रपटातून तुम्ही काय शिकलात?'

उत्तरे तशीच आहेत जशी अशा प्रश्नाला येतात. 'नेहमी खरे बोलावे.' 'प्राण्यांवर दया करावी.' ओळीने पाच पत्रांवर एकच वाक्य, एकाच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसह. म्हणजे एकाने लिहिले आणि चौघांनी उतरवले. 'मोठ्यांचे ऐकावे' हे उत्तर तर कितीतरी पत्रांवर आहे, आणि ते ज्या चित्रपटासाठी लिहिले आहे त्यातली मुलगी मोठ्यांचे अजिबात ऐकत नाही म्हणूनच सगळ्यांचा जीव वाचतो. मुलांना चित्रपट कळला नाही, असा याचा अर्थ मी लावत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला काय हवे आहे हे त्यांना बरोबर कळले आणि त्यांनी ते देऊन टाकले. परीक्षेची सवय असलेले मूल याहून वेगळे काय करणार?

या सगळ्या गठ्ठ्यात एक पत्र वेगळे निघाले. पाचव्या प्रश्नाखालच्या चारही ओळी कोऱ्या, आणि कागदाच्या अगदी तळाशी, समासावरून तिरके, पेन्सिलीने लिहिलेले : 'शेवटी कुत्रं कुठं गेलं ते दाखवलंच नाही.' वय लिहिले होते ९. मी तो चित्रपट निवडीच्या वेळी पाहिला होता. आपल्यापैकी आणखी सहा जणांनीही पाहिला होता. घरी पुन्हा लावून बघितला. खरोखरच, पहिला पाऊण भाग मुलाच्या मागे मागे धावणारे ते कुत्रे पुरानंतरच्या प्रसंगात नाहीसे होते आणि पुढे त्याचे नावही निघत नाही. सात मोठ्या माणसांच्या हे लक्षात आले नव्हते, कारण आम्ही तो चित्रपट पाहत नव्हतो, त्याचा 'संदेश' शोधत होतो.

माझे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. मुलांच्या या महोत्सवात काय दाखवायचे, ते कसे होते आणि त्यातले उत्तम कोणते, हे ठरवण्याच्या जागी आजवर एकही मूल बसलेले नाही. पुढील महोत्सवापासून ते बसावे, आणि शोभेसाठी न बसता मताच्या अधिकारासह बसावे, अशी माझी मागणी आहे.

गेल्या वर्षीची निवड आपण कशी केली, हे पालकांना माहीत नसेल म्हणून सांगते. एका खोलीत सात जण, मध्ये एक लॅपटॉप आणि समोर तक्ता. तक्त्यात रकाने होते : नाव, कालावधी, भाषा, वयोगट, संदेश, शेरा. 'संदेश' या रकान्यात काही भरता आले नाही की चित्रपट आपोआप मागे पडत असे. वेळ अपुरा होता म्हणून काही चित्रपट पहिली पंधरा मिनिटे पाहून बाजूला ठेवले. त्यात एक होता तेरा-चौदा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा. एका सुट्टीत त्यांच्यात अबोला येतो, कारण धड सांगता येत नाही, आणि सुट्टी संपते तरी तो अबोला सुटत नाही. त्या चित्रपटापुढे 'संदेश अस्पष्ट' हा शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे. त्या वयात माझे स्वतःचे काय झाले होते ते आठवले असते, तर मी तसे लिहिले नसते. पण त्या खोलीत कोणी पंधरा वर्षांची मुलगी असती, तर मला आठवण्याचीही गरज पडली नसती.

हे करून पाहणारे आपण पहिले नाही. इटलीतल्या सालेर्नो शहराजवळच्या जिफोनी या छोट्याशा गावात १९७१ मध्ये क्लाउदियो गुबितोसी या विशीच्या उंबरठ्यावरच्या तरुणाने मुलांचा चित्रपट महोत्सव सुरू केला आणि त्याचे वैशिष्ट्य हेच ठरले की तिथे परीक्षक मुले असतात. आज तिथे तीन वर्षांच्या चिमुकल्यांपासून अठरा वर्षांवरील तरुणांपर्यंत वयोगटांनुसार वेगवेगळी परीक्षक मंडळे असतात, आणि जगभरातून आलेली हजारो मुले चित्रपट पाहून, दिग्दर्शकांना समोर बसवून प्रश्न विचारून मते देतात. हा महोत्सव कोणा महानगरात वाढलेला नाही. तो गावात उभा राहिला आणि गाव त्या महोत्सवावरून ओळखले जाऊ लागले. युरोपियन फिल्म अकादमीचा यंग ऑडियन्स पुरस्कार २०१२ पासून दिला जातो. त्यासाठी अनेक देशांतली बारा ते चौदा वर्षांची मुले नामांकित चित्रपट पाहतात आणि मत देतात. मोठ्यांचे मत त्यात मिसळले जात नाही.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने. तिथे १९७८ पासून मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, २००४ पासून चौदा वर्षांवरील मुलांसाठी वेगळी स्पर्धा आहे आणि दोन्हीकडे मुलांचे व युवकांचे स्वतःचे परीक्षक मंडळ क्रिस्टल बेअर हा पुरस्कार ठरवते. हे परीक्षक निवडतात कसे? आदल्या वर्षीच्या महोत्सवात पाहिलेल्या चित्रपटांविषयी मुलांनी प्रश्नावली भरून दिलेली असते, ती वाचून. म्हणजे आपण ज्या कागदांच्या पिशव्या बांधून माझ्या घरी ठेवल्या, त्याच प्रकारचा कागद तिथे मुलाला पुढल्या वर्षीच्या परीक्षकाच्या खुर्चीपर्यंत नेतो. हे वाचल्यावर मी पेन्सिलीने लिहिलेले ते पत्र पिशवीतून काढून वेगळे ठेवले.

आपल्या माहितीपत्रिकेच्या पहिल्या पानावर आपण दरवर्षी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा उल्लेख करतो आणि तिच्या ३१ व्या कलमातला, मुलांना विश्रांतीचा, खेळाचा आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा अधिकार आहे हा आशय छापतो. उत्तम आहे. त्याच संहितेचे १२ वे कलमही आहे. स्वतःशी संबंधित सर्व बाबींत मत मांडण्याचा अधिकार मुलाला आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे, असे ते सांगते. ३१ वे कलम छापायला सोपे आहे, कारण ते अमलात आणायला प्रेक्षागृह आणि प्रोजेक्टर पुरतो. १२ व्या कलमासाठी आपल्यापैकी काहींना खुर्ची सोडावी लागेल.

आता 'कुमार' या शब्दाविषयी. महोत्सवाच्या नावात तो आहे, वेळापत्रकात मात्र शोधावा लागतो. गेल्या खेपेस तीन दिवसांत तेरा ते सतरा या वयोगटासाठी दोनच खेळ होते, आणि आसने भरलेली दिसावीत म्हणून याच वयाच्या मुलांना सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या ॲनिमेशनपटालाही बसवले गेले. ती मागच्या रांगेत फोन काढून बसली, स्वयंसेवक त्यांच्यावर ओरडले, आणि नंतरच्या आढावा बैठकीत 'हल्लीच्या मुलांना चित्रपट पाहायचाच नसतो' असे एक विधान झाले. त्या बैठकीला मी होते. तेव्हा बोलले नाही, म्हणून आता सांगते : त्याच मुलांना मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या वयाचा चित्रपट पाहताना दारातून पाहिले आहे. नव्वद मिनिटांत एकदाही फोनचा उजेड मागच्या रांगेत चमकला नाही.

त्या खेळानंतर जे झाले ते मात्र विसरता येत नाही. दिवे लागले, सूत्रसंचालकांनी 'कोणाला काही विचारायचे आहे का?' असे विचारले, आणि माझ्यापासून तीन पावलांवर बसलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. माईक तिच्यापर्यंत गेला नाही, ती तशीच उठून म्हणाली, "शेवटी त्यानं वडिलांना माफ केलं असं दाखवायचंय का? मला नाही वाटत त्यानं माफ केलं." सूत्रसंचालक म्हणाले, "अरे वा, छान प्रश्न!" आणि पाहुण्यांना सत्कारासाठी मंचावर बोलावले. तिचा हात पुन्हा अर्धवट वर गेला होता. मग केस सारखे करण्यासाठीच तो वर नेला होता असे दाखवत तिने तो कानामागे नेला आणि ती बसली. पुढच्या खेळाला ती आली नाही. आली असेल आणि मला दिसली नसेल, असेही असू शकते. पण मी पाहत होते.

म्हणून नुसती 'मुलांना सहभागी करून घ्या' अशी मोघम सूचना न करता काय करता येईल ते सांगते. तेरा ते सतरा वयाच्या नऊ जणांचे एक निवड मंडळ करावे. मोठ्यांच्या समितीने पहिली चाळणी जरूर करावी, कारण प्रदर्शनाची परवानगी मिळते का, प्रत कशी आहे, त्या वयाला अजिबात दाखवू नये असे काही त्यात आहे का, हे पाहणे मोठ्यांचेच काम आहे. मात्र जितके चित्रपट लागणार आहेत त्याच्या किमान दुप्पट चित्रपट या मंडळापुढे ठेवावेत आणि अंतिम निवड त्यांनी करावी. चित्रपट पूर्ण पाहावेत, लॅपटॉपवर न पाहता पडद्यावर पाहावेत, आणि पाहून झाल्यावर लगेच बोलावे. एक मोठे माणूस तिथे बसावे, पण वेळ पाहण्यापुरते. त्याला मत नसावे. निवडलेला एखादा चित्रपट नाकारण्याचा अधिकार समितीला हवाच असेल, तर तो कारण लिहून मंडळाला कळवून वापरावा. कारण लिहावे लागले की नकार किती कमी होतात, हे आपण इतर समित्यांत पाहिलेले आहे.

त्याहून लहान मुलांचे काय? सहा ते बारा वयाच्या मुलांना तक्ते भरायला लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी निवडीच्या आधी पंधरा-वीस मुलांना बसवून एखाददुसरा चाचणी-खेळ करावा आणि आपण पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत बसावे. कोणत्या प्रसंगाला ती मागे वळून आईला शोधतात, कुठे पाय हलू लागतात, कुठे एकाच वेळी तिघांना बाहेर जायचे असते, हे टिपून ठेवावे. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी लागोपाठ लघुपटांचा पाऊण तासाचा खेळ पुरतो. आपण त्यांना सलग शंभर मिनिटे बसवले होते. त्या वयाच्या खेळाला प्रेक्षागृहात मिट्ट काळोख करू नये, कडेचे दिवे मंद ठेवावेत, आणि आवाज मोठ्यांच्या खेळाला ठेवतो त्यापेक्षा कमी ठेवावा. आवाजाची, उजेडाची किंवा एका जागी बसून राहण्याची ज्यांना विशेष अडचण होते अशा मुलांसाठी जगभर जे 'रिलॅक्स्ड' खेळ होतात, त्यांतही मुख्यतः हेच करतात. शिवाय मधेच उठायची, फिरायची, बोलायची मुभा असते. असा एक तरी खेळ आपल्याला जड नाही.

सबटायटलचा प्रश्न मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. परभाषेतला चित्रपट आणला आणि खाली सबटायटल दिली की आपले काम झाले असे आपण समजतो. मोठ्यांसाठी सबटायटल करताना दोन भरलेल्या ओळी साधारण सहा सेकंद पडद्यावर ठेवण्याची रीत आहे. नुकतेच अक्षर लावून वाचू लागलेल्या मुलाचा तेवढ्यात पहिला शब्द होतो. गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी शेजारच्या धाकट्या भावाला ओळी हळूच वाचून दाखवत होती. थोड्या वेळाने तिच्या दुसऱ्या बाजूचे मूल तिच्याकडे झुकले, मग त्याच्या पलीकडचे. मागच्या रांगेतली दोघे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हनुवट्या टेकून ऐकू लागली. चित्रपट अर्ध्यावर आला तेव्हा ती एकटी दहा जणांना चित्रपट सांगत होती आणि आवाज वाढला म्हणून मी, होय मीच, जाऊन तिला गप्प बसायला सांगितले.

जे तिने न सांगता सुरू केले, तेच बर्लिनच्या मुलांच्या विभागात ठरवून केले जाते. चित्रपट मूळ भाषेत चालतो आणि प्रेक्षागृहात बसलेला वाचक सगळे संवाद माईकवरून जर्मनमध्ये त्याच वेळी वाचतो. डबिंगचा खर्च नाही, मूळ आवाज खाली ऐकू येत राहतो आणि वाचता न येणारे मूलही मागे पडत नाही. आपल्याकडे हे काम कुमार गटातल्या मुलांनी करावे असे मला वाटते. त्यासाठी अनुवादित संवाद आधी हातात हवेत, चित्रपटाबरोबर निदान दोन तालमी हव्यात, आणि वाचणाऱ्याने अभिनय करू नये, स्वच्छ वाचावे, एवढे शिकवावे लागेल. नाटकात काम करणाऱ्या मुलांना ते न करणे कठीण जाईल, पण शिकतील.

मुलांनी केलेल्या चित्रपटांचा विभाग आपण सुरू केला याचे श्रेय समितीला आहे. तिथे एक अडचण झाली, ती तांत्रिक म्हणून सोडून देऊ नये. एका मुलाने फोन उभा धरून केलेला तीन मिनिटांचा चित्रपट आपण पडदाभर ताणून दाखवला. त्यात त्याच्या आजीचा चेहरा पसरट दिसू लागला आणि प्रेक्षागृह हसले. चित्रपट हसण्याचा नव्हता. उभी चौकट उभीच दाखवायची असते, बाजूला काळी जागा राहिली तर राहू द्यावी. प्रत्येक प्रत आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच पडद्यावर लावून पाहायची आणि तेव्हा तो करणारा मुलगा किंवा मुलगी हजर असावी, एवढा नियम केला की पुरे. स्पर्धेतल्या चित्रपटांत ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची, आणि ती लहान असतील तर त्यांच्या पालकांची, संमती घेतली आहे ना हेही पाहावे.

प्रदर्शनाच्या हक्कांबाबत एकच सांगते. एखादा चित्रपट कोणाच्या वर्गणीच्या खात्यावरून घरी पाहता येतो म्हणजे तो लोकांना जमवून दाखवता येतो, असे नाही. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी वेगळी लागते. दोन वर्षांपूर्वी आपण याकडे काणाडोळा केला होता. जिथे आपण मुलांना 'दुसऱ्याचे काम आपले म्हणून देऊ नका' असे सांगतो, तिथे हे शोभत नाही. लघुपट करणाऱ्या अनेकांना नीट पत्र लिहिले तर ते आनंदाने परवानगी देतात. निवड समितीत काम करताना मला हा अनुभव आला आहे.

माझ्या मागणीवर काय म्हटले जाईल याची कल्पना आहे. मुले निवडतील ते फक्त धांगडधिंग्याचे चित्रपट, हा पहिला आक्षेप. आपण हे कधी करून पाहिलेले नाही, तेव्हा तो अनुभवातून आलेला नाही, धास्तीतून आलेला आहे. आणि नऊ जणांनी बसून, भांडून, मते मोजून दोन विनोदी चित्रपट निवडलेच, तर महोत्सवात लोक हसतील. त्यात बिघडले काय?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मृत्यू, आईवडिलांचे वेगळे होणे, वयात येणे, घरातली दारू, असे विषय मुलांनी निवडले तर पालक काय म्हणतील? काही पालक नाराज होतील, हे खरे आहे. पण असे विषय मुलांच्या चित्रपटांत येऊ शकतात आणि मुलांच्या उंचीवरून, मुलांना पेलतील अशा रीतीने येऊ शकतात, हे डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने दाखवून दिले आहे. तिथे १९८० च्या दशकापासून चित्रपटांसाठीच्या सरकारी मदतीतला चौथा हिस्सा, २५ टक्के, मुलांच्या आणि युवकांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवलेला आहे. पैसा राखीव असल्यामुळे दिग्दर्शकांना प्रत्येक बालचित्रपट गोड करून विकावा लागत नाही. आपण पालकांना विषय आधी स्पष्ट कळवावा, वयोगट प्रामाणिकपणे छापावा, आणि खेळानंतर बोलायला जागा ठेवावी. मुलाला दुःख दाखवण्यापेक्षा ते दाखवून दिवे लावून घरी पाठवून देणे जास्त वाईट, असे माझे मत आहे.

खेळानंतरची ती जागा मिळवायची तर वेळ कुठून आणायचा, हेही सांगते, कारण वेळ आहे. उद्घाटनाला गेल्या वर्षी पाच भाषणे झाली. पहिला चित्रपट पन्नास मिनिटे उशिरा सुरू झाला आणि तोवर पुढच्या दोन रांगांतली मुले निजली होती. एका वक्त्यांनी मुलांनी पडद्यापासून दूर राहावे असा उपदेश केला, तोही चित्रपट महोत्सवात. भाषणे एकावर आणावीत आणि ते पाच मिनिटांत संपवावे. वाचलेली पाऊण तासाची वेळ तीन खेळांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे वाटून टाकावी. त्या पंधरा मिनिटांत मंचावर सत्कार नसावा, माईक प्रेक्षागृहात फिरावा आणि सूत्रसंचालन कुमार मंडळातल्या कोणीतरी करावे. "छान प्रश्न" म्हणून प्रश्न संपवता येणार नाही, एवढी एकच सूचना त्यांना द्यावी.

राहिला पाचवा प्रश्न. तो काढून टाकावा. त्याच्या जागी मी तीन प्रश्न सुचवते : 'तुम्हाला कुठे कंटाळा आला?', 'कोणती गोष्ट समजली नाही किंवा पटली नाही?' आणि 'हा चित्रपट तुम्ही कोणाला दाखवाल, कोणाला दाखवणार नाही?' खाली चार ओळींऐवजी अर्धे पान कोरे ठेवावे, म्हणजे समासात तिरके लिहावे लागणार नाही. ज्यांना लिहायचे नसेल त्यांनी चित्र काढून दिले तरी ते वाचावे.

कुमार मंडळ नेमायचे तर मुले कुठून आणायची, असा प्रश्न बैठकीत येईल म्हणून तयारी करून ठेवली आहे. दोन्ही पिशव्यांतली पत्रे मी वयानुसार लावली आहेत. पाचव्या प्रश्नाचे ठरावीक उत्तर न देता स्वतःचे काहीतरी लिहिणारी सव्वीस पत्रे वेगळी काढली आहेत. त्यांतली चौदा तेरा ते सतरा वयाच्या मुलांची आहेत. एकाने ध्वनी आणि ओठ जुळत नसल्याचे लिहिले आहे, एकीने 'हिरोची बहीण फक्त जेवणाच्या वेळीच का दिसते' असे विचारले आहे, आणि एका पत्रावर, 'माफ केलं नाही' एवढेच दोनदा अधोरेखित केलेले आहे. त्यावर नाव आणि वय आहे, वय १५. या मुलांच्या पालकांना समितीच्या नावाने पत्र पाठवून परवानगी मागावी लागेल. पत्राचा मसुदा मी केला आहे. ९ वर्षांच्या त्या पेन्सिलवाल्या मुलाला मंडळात घेता येणार नाही, पण चाचणी-खेळाला बोलवावे, आणि कुत्र्याचे काय झाले हे दिग्दर्शकांना विचारणारे पत्र आपण त्याच्या नावाने पाठवावे.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, अशी विनंती आहे. पिशव्या घेऊन मी वेळेच्या आधी येईन.

आपली नम्र,
निवड समितीची एक सदस्य व प्रेक्षागृहाच्या दारावरची स्वयंसेविका